सुपरमॅन लढाईवर का गेला नाही?

मध्यंतरी आमच्या भाच्याने (वय वर्षे दहा, सध्याचा मुख्य धंदा प्रश्न विचारणे) मला विचारलं, "सुपरमॅन दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी होता ना? मग त्याने हिटलरला उचलून का नाही आणलं?" त्याच्या आईने "आधी पानातलं संपव" म्हणून विषय मिटवला, पण माझ्या डोक्यातून काही तो जाईना. प्रश्न रास्तच आहे. सुपरमॅन छापून आला १९३८ साली, महायुद्ध सुरू झालं १९३९ ला. ज्याला बंदुकीची गोळी लागत नाही, जो मोटार डोक्यावर उचलतो, त्याला बर्लिनला जाऊन यायला असा कितीसा वेळ लागणार? चहा निवायच्या आत परत!

गंमत म्हणजे हा प्रश्न त्या काळी अमेरिकेतल्या पोरांनाही पडला होता, आणि पोरांपेक्षा जास्त सुपरमॅनच्या प्रकाशकांना. त्याचं उत्तर शोधायला म्हणून मी ती जुनी कॉमिक्स आणि ती काढणाऱ्या माणसांची चरित्रं वाचत सुटलो. आणि हळूहळू कागदावरच्या वीरांपेक्षा ती माणसंच जास्त भेटायला लागली. त्यांच्याबद्दलच आज लिहितोय. जरा लांबण लागेल, मंडळी. चहा घेऊन बसा.

जेरी सीगेल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडमधली दोन शाळासोबती मित्रांची जोडी. दोघेही ज्यू, दोघांचीही घरं बाहेरून अमेरिकेत आलेली, दोघेही बुजरे आणि चष्मिष्ट. सीगेल गोष्ट लिहायचा, शूस्टर चित्रं काढायचा. त्यांचा सुपरमॅन 'ॲक्शन कॉमिक्स'च्या जून १९३८ च्या पहिल्या अंकात आला. हक्क विकून दोघांना मिळून मिळाले १३० डॉलर. (ही रक्कम दोघांनाही जन्मभर सलत राहिली. पण तो वेगळाच विषय आहे.)

आता दुसरा अंक उघडा. सॅन मॉन्टे नावाच्या एका काल्पनिक देशात लढाई चालू आहे. सुपरमॅनच्या लक्षात येतं की या लढाईमागे एक शस्त्रास्त्रांचा कारखानदार आहे. तो काय करतो? कारखानदाराला धरून बोटीवर चढवतो आणि सॅन मॉन्टेच्या सैन्यात साधा शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. स्वतःही भरती होतो! स्वतःच्याच धंद्यातले तोफगोळे डोक्यावरून जायला लागल्यावर शेठजींची पाचावर धारण बसते आणि ते हा धंदा बंद करायचं वचन देतात. मग सुपरमॅन दोन्ही बाजूंच्या सेनापतींना उचलून समोरासमोर उभं करतो आणि म्हणतो, आता तुम्ही दोघंच लढा. ते म्हणतात, पण आमचं भांडण काय आहे? झालं. लढाई संपली.

ही गोष्ट मला फार आवडली. बालिश आहे, पण पहिल्या महायुद्धात काय मिळालं असं विचारणाऱ्या त्या वेळच्या अमेरिकेचा राग तिच्यात आहे. आणि मुख्य म्हणजे १९३८ मध्ये सुपरमॅन सैन्यात जाऊ शकत होता. कारण लढाई खोटी होती.

खरी लढाई आली तेव्हा पंचाईत झाली. फेब्रुवारी १९४० मध्ये 'लुक' नावाच्या पाक्षिकाने सीगेल-शूस्टरकडून दोन पानी चित्रकथा करून घेतली. विषय, सुपरमॅन हे युद्ध कसं संपवील? युरोपात लढाई जुंपलेली, अमेरिका अजून लांबून बघतेय. चित्रकथेत सुपरमॅन जर्मनांच्या तटबंदीवरच्या तोफा वाकवतो, हिटलरला त्याच्या डोंगरातल्या घरातून आणि स्टालिनला मॉस्कोतून मानगुटीला धरून उचलतो आणि जिनिव्हाला राष्ट्रसंघापुढे उभं करतो. दोन पानांत निकाल! भाच्याला हेच हवं होतं.

ही दोन पानं बर्लिनपर्यंत पोचली. हिटलरच्या 'एसएस' संघटनेचं 'दास श्वार्त्झे कोर' नावाचं साप्ताहिक होतं. त्यात एप्रिल १९४० मध्ये जेरी सीगेलचं नाव घेऊन, त्याचं ज्यू असणं काढून, त्याच्यावर एक विखारी लेख आला. क्लीव्हलँडमध्ये बसून पोरांसाठी गोष्टी लिहिणाऱ्या पंचविशीतल्या माणसाची दखल हिटलरच्या खास पलटणीने घ्यावी! त्या लेखामुळे एक गोष्ट मात्र स्पष्ट झाली. हे कागदी वीर नुसते कागदी राहिले नव्हते.

*

त्याच वर्षीच्या डिसेंबरात आला कॅप्टन अमेरिका. अंकावर तारीख मार्च १९४१ ची, पण स्टॉलवर आला डिसेंबर १९४० मध्ये. मुखपृष्ठावर अमेरिकेच्या झेंड्याचे कपडे घातलेला गडी थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतोय. पर्ल हार्बरवर हल्ला झाला ७ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे हा ठोसा त्याच्या जवळजवळ वर्षभर आधीचा. अमेरिकेचं हिटलरशी तेव्हा अधिकृत भांडणही नव्हतं. उलट फेब्रुवारी १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिटलरप्रेमी जर्मन-अमेरिकन मंडळींच्या सभेला वीस हजार लोक जमले होते.

हा ठोसा काढणारे दोघे, जो सायमन (वय २७) आणि जॅक कर्बी (वय २३). हेही ज्यू. कर्बीचं मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या गरीब वस्तीत गल्लीतल्या मारामाऱ्या करत वाढलेला. तो अंक जवळजवळ दहा लाख खपला असं सांगतात. आणि धमक्या सुरू झाल्या. पत्रं यायची, फोन यायचे, कार्यालयाच्या इमारतीबाहेर अनोळखी माणसं घुटमळायची. सायमनने पुढे लिहिलंय की पोलीस बंदोबस्त बसला आणि खुद्द महापौर ला ग्वार्दिया यांनी फोन करून सांगितलं, तुम्ही छान काम करताय, तुमच्या केसाला धक्का लागू देणार नाही.

कॅप्टन अमेरिकाची जन्मकथा बघण्यासारखी आहे. स्टीव्ह रॉजर्स नावाचा काटकुळा पोरगा सैन्यात जायला निघतो. वैद्यकीय तपासणीत नापास. मग त्याला एक गुप्त औषध टोचतात आणि तो पहिलवान होतो. पण झाल्यावरही तो असतो साधा शिपाई! छावणीत त्याचा सार्जंट त्याच्यावर दिवसभर खेकसतो. बटाटे सोलायला बसवतो. रात्री हाच पोरगा ढाल घेऊन नाझी हेर पकडतो आणि सकाळी पुन्हा उशिरा उठल्याबद्दल बोलणी खातो. पुढे लाखो पोरं खाकी चढवून अशाच छावण्यांत गेली, तेव्हा हे वाचून त्यांना किती बरं वाटलं असेल! सार्जंटला काय माहीत आपण आतून कोण आहोत ते.

*

पर्ल हार्बर झालं आणि सगळेच भरती व्हायला निघाले. 'ऑल स्टार कॉमिक्स'मध्ये वीरांची एक मंडळी होती, जस्टिस सोसायटी. १९४२ च्या एका अंकात ही आख्खी मंडळी लष्करात नाव घालते. नवी कोरी वंडर वूमन लष्करी परिचारिका म्हणून येते. (इतकी ताकदवान बाई, पण मंडळीत तिला पद काय दिलं? सेक्रेटरी! युद्धावरून दुसराच धडा.)

सुपरमॅनचं मात्र घोडं अडलं. तो गेला तर युद्ध दुसऱ्या दिवशी संपायला हवं. प्रत्यक्षात तर ते संपत नव्हतं, घराघरांत तारा येत होत्या. ज्या मुलाचा भाऊ पॅसिफिकमध्ये बुडाला, त्याच्या हातात सुपरमॅन जपानी आरमार चेंडूसारखं भिरकावून देतोय अशी गोष्ट द्यायची कशी? आणि नाहीच पाठवला तर तो भित्रा ठरतो. एप्रिल १९४२ मध्ये 'टाइम' साप्ताहिकालाही या पेचाची बातमी करावीशी वाटली.

सुटका कशी केली बघा. फेब्रुवारी १९४२, वर्तमानपत्रांतली रोजची सुपरमॅन चित्रपट्टी. क्लार्क केंट मोठ्या उमेदीने भरतीला जातो. डोळे तपासायचा तक्ता समोर. पण उत्साहाच्या भरात त्याची एक्स-रे दृष्टी भिंतीपार जाते आणि तो शेजारच्या खोलीतल्या तक्त्यावरची अक्षरं वाचून मोकळा होतो. डॉक्टर म्हणतात, हा तर आंधळाच. शेरा 'फोर-एफ', सैन्यासाठी नालायक. मग सुपरमॅन स्वतःची समजूत घालतो, की आपलं लष्कर समर्थ आहे, ते माझ्याशिवाय जिंकेल, मी इथे घरभेदी पकडतो.

पुढची तीन-चार वर्षं मुखपृष्ठांवर सुपरमॅन पाणबुडीशी झुंजतो, हिटलरला बखोटीला धरतो, वॉर बाँड विकतो. आत उलटून बघावं तर बहुतेक वेळा तेच जुने चोर आणि तेच माथेफिरू शास्त्रज्ञ. मुखपृष्ठावर युद्ध, आत रोजचा संसार.

इथे मला आपला वेताळ आठवला. 'इंद्रजाल कॉमिक्स' १९६४ मध्ये सुरू झाली. आमच्या पिढीने त्यातूनच वेताळ, मॅण्ड्रेक वाचले आणि डेंकालीचं जंगल हा आमच्या भूगोलाचाच भाग झाला. (घरातल्या मोठ्यांचं आठवत असेल, अभ्यासाच्या पुस्तकात घालून कोण वाचायचं ते. नावं घेत नाही.) ली फॉकचा हा वेताळ १९३६ चा, सुपरमॅनहून जुना. आणि वेताळ युद्धावर गेला होता! १९४२ मध्ये जपानी सैन्य त्याच्या जंगलात उतरतं आणि तो जंगलातल्या टोळ्यांना घेऊन गनिमी काव्याने लढतो, अशी मोठी मालिका आली होती. त्याला जाता आलं, कारण त्याच्याकडे दैवी शक्ती काहीच नाही. त्याला गोळी लागू शकते. तो दमतो. वेताळ आपला अमर नाही, बापामागून मुलगा असा चालत आलेला आहे हे आपल्याला ठाऊकच असतं.

म्हणजे नियम असा दिसतो की ज्याला मरण नाही त्याला सैन्यात जागा नाही. सैनिक होण्याची पहिली पात्रता मरता येणं ही आहे. ऐकायला वाईट वाटतं, पण त्या प्रकाशकांना हे बरोबर कळलं होतं.

*

आता कागद बाजूला ठेवून माणसांकडे येऊ.

सुपरमॅनचा चित्रकार जो शूस्टर खरोखरच्या भरतीत नापास झाला. कारण, अधू दृष्टी. हो, खरंच! क्लार्क केंटला नापास करायला डोळ्यांचं जे निमित्त वापरलं, ते त्याच्या निर्मात्याच्या बाबतीत खरं होतं. फरक इतकाच की केंटला भिंतीपलीकडचं दिसत होतं आणि शूस्टरला कागदावरचंही दिवसेंदिवस कमी दिसत चाललं होतं. त्या वेळी बरीचशी चित्रं त्याच्या हाताखालचे मदतनीस पुरी करत.

जेरी सीगेल पास झाला. १९४३ मध्ये त्याला लष्करात घेतलं आणि हवाईला सैनिकांच्या वर्तमानपत्रात लेखणी चालवायला बसवलं. तो तिकडे वर्दीत असताना इकडे त्याचीच जुनी कल्पना असलेला 'सुपरबॉय' त्याला न विचारता छापून सुरू झाला. देशासाठी गेलेल्या माणसाच्या मागे त्याच्या शेताचा बांध सरकवावा, तशातला प्रकार. पुढे कोर्टकचेरी झाली.

स्टॅन ली, जो पुढे स्पायडरमॅनचा जनक म्हणून जगप्रसिद्ध झाला, तो १९४२ मध्ये सिग्नल कोअरमध्ये गेला आणि प्रशिक्षणाचे चित्रपट नि पोस्टर लिहू लागला. जो सायमन तटरक्षक दलात गेला आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर घोड्यावरून गस्त घालू लागला. कॅप्टन अमेरिकाचा बाप वाळूत घोडा हाकतोय, हे चित्र मला भारी आवडतं.

आणि विल आयस्नर. 'द स्पिरिट' ही त्याची मालिका ऐन भरात होती. १९४२ मध्ये त्याला लष्कराने बोलावलं आणि काम दिलं ते गाड्यांच्या देखभालीवरच्या मासिकात चित्रं काढायचं. तेल वेळेवर बदला, नटबोल्ट आवळा, टायरमधली हवा बघा. त्यासाठी त्याने जो डोप नावाचा एक वेंधळा शिपाई निर्माण केला. जो डोप सगळं चुकीचं करायचा आणि ते बघून बाकीचे बरोबर करायला शिकायचे.

हे वाचताना मला माझे मामा आठवले. मामा ईएमईत होते, म्हणजे फौजेतले मेकॅनिक. आम्ही भाचरं त्यांना विचारायचो, मामा, तुम्ही किती शत्रू मारले? मामा म्हणायचे, "शत्रू कसले मारतोय? बंद पडलेल्या गाडीला धक्का मारला की आमची लढाई झाली." आमची घोर निराशा व्हायची. एकदा मात्र हसता हसता थांबून म्हणाले, "गाडी चढावर बंद पडली ना, तर आतल्या वीस पोरांचं काय होतं ते तुम्हाला नाही कळायचं." तेव्हा नाहीच कळलं.

आयस्नरने हे काम युद्धानंतरही सोडलं नाही. १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षं तो लष्कराच्या देखभाल मासिकाची चित्रं करत होता. व्हिएतनाममध्ये एम-१६ रायफली सुरुवातीला ऐन चकमकीत अडकायच्या. पोरांना ती कशी साफ करायची हे नीट शिकवलंच नव्हतं. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी लष्कराने आयस्नरकडून एक छोटं रंगीत कॉमिक करून घेतलं, रायफल कशी सोलायची, पुसायची आणि जोडायची यावर. आख्ख्या कॉमिक्सच्या इतिहासात सैनिकाच्या खरोखर उपयोगी पडलेलं पुस्तक कुठलं म्हणाल, तर मी याच्याकडे बोट दाखवीन. त्यात उडणारा वीर एकही नव्हता.

पण सगळेच असे आघाडीच्या मागे नव्हते. बर्ट क्रिस्टमन हे नाव आपल्याकडे कुणी ऐकलं नसेल. 'स्कॉर्ची स्मिथ' या वैमानिकाची चित्रपट्टी तो काढायचा. 'सँडमॅन' या मुखवटाधारी वीराला कॉमिक्समध्ये पहिल्यांदा आणणाऱ्या दोघांपैकी तो एक. विमानं काढता काढता त्याला वाटलं, आपण खरंच उडावं. नौदलात वैमानिक झाला, आणि तिथून चीनच्या बाजूने जपानशी लढणाऱ्या 'फ्लाइंग टायगर्स'मध्ये. सोबत्यांच्या विमानांवर गमतीची चित्रं काढून द्यायचा. २३ जानेवारी १९४२ ला रंगूनवरच्या हवाई लढाईत त्याचं विमान निकामी झालं. तो पॅराशूटने उतरत असताना जपानी विमानाने त्याला टिपलं. वय २६.

जानेवारीत क्रिस्टमन रंगूनला गेला आणि फेब्रुवारीत क्लार्क केंट डोळ्यांच्या तपासणीत नापास झाला. या दोन तारखा शेजारीशेजारी ठेवल्यापासून मला ती विनोदी चित्रपट्टी पहिल्यासारखी विनोदी वाटत नाही.

आणि जॅक कर्बी. हिटलरला पहिला ठोसा कागदावर मारणारा. जून १९४३ मध्ये त्याला पायदळात घेतलं आणि १९४४ च्या उन्हाळ्यात तो नॉर्मंडीला उतरला, जनरल पॅटनच्या तिसऱ्या सेनेत. एका लेफ्टनंटला कळलं की हा कॅप्टन अमेरिका काढणारा कर्बी. आता याला आत कुठेतरी टेबलावर बसवतील असं वाटेल की नाही? लेफ्टनंटने त्याला टेहळणीवर धाडलं! चित्रं काढतोस ना, मग पुढे जा, शत्रू कुठे आहे बघ आणि नकाशे काढून आण. म्हणजे इतरांच्याही पुढे, एकट्याने. ज्या पेन्सिलीने ढालवाला वीर काढला तिनेच आता पूल, वळणं आणि मशीनगनच्या जागा काढायच्या. त्या हिवाळ्यात कर्बीचे पाय हिमदंशाने काळेनिळे पडले. कापावे लागतील अशी वेळ आली होती, थोडक्यात वाचले. १९४५ मध्ये घरी परतला तेव्हा त्याचा हुद्दा प्रायव्हेट फर्स्ट क्लास. कॅप्टनला जन्म देणारा स्वतः शेवटपर्यंत शिपाईच राहिला.

*

इतकं लिहून थांबलो तर लेख गोड होईल, पण अर्धाच होईल. कारण याच कॉमिक्समध्ये एक कुरूप भाग आहे.

जर्मन शत्रू काढताना चित्रकार वाईट नाझी काढत, कधी एखादा बरा जर्मनही काढत. जपानी काढताना मात्र माणूस काढतच नव्हते. पिवळं कातडं, सुळे, नखं. मार्च १९४३ च्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या मुखपृष्ठावर खुद्द सुपरमॅन छापखाना चालवतोय आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पत्रकावर जपान्यांना थोबाडण्यासाठी वॉर बाँड घ्या अशा अर्थाचा मजकूर आहे, तोही जपान्यांसाठीची शिवी वापरून. दहा सेंटला मिळणारं हे पुस्तक लहान मुलं वाचत होती, आणि छावण्यांतले सैनिकही ढिगाने वाचत होते.

फेब्रुवारी १९४२ मध्येच, म्हणजे केंट नापास झाला त्याच महिन्यात, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा हुकूम निघाला आणि पुढच्या काही महिन्यांत जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार माणसांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं गेलं. त्यातले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. १९४३ मध्ये सुपरमॅनच्या चित्रपट्टीत अशा एका छावणीची गोष्ट आली, आणि तीत छावणीतली माणसं कटवाली, दगाबाज दाखवली. १९३८ चा सुपरमॅन दोन सेनापतींना विचारत होता, तुमचं भांडण काय आहे? पाच वर्षांत तो विचारायचं विसरला. आणि त्याला घडवणारे कोण, तर ज्यांच्या वंशावर बर्लिनमध्ये असलीच विषारी चित्रं काढली जात होती असे. ते दुष्ट होते असं मला वाटत नाही. युद्धाच्या हवेत सगळ्यांच्याच डोळ्यांचा तक्ता बदलतो. पण ते झालं, ते छापलेलं आहे, आणि आवडत्या वीरावर प्रेम करायचं तर तेही पान उलटून बघावं लागतं.

याच काळातला एक छोटा वीर मला म्हणूनच लक्षात राहिला. १९४४ चा 'ग्रीन टर्टल'. चित्रकार चू हिंग, चिनी वंशाचा अमेरिकन. हा वीर चीनमध्ये जपान्यांशी लढतो, पण त्याचा चेहरा कधी नीट दिसतच नाही. कायम पाठमोरा, किंवा हाताआड, किंवा झग्याआड. सांगतात ते असं, की चू हिंगला तो चिनी दाखवायचा होता आणि प्रकाशकाला ते नको होतं, म्हणून चित्रकाराने चेहराच दाखवला नाही. खरंखोटं काही असो, ते पाठमोरे चौकोन बघताना वाटतं, वीर होण्याच्या आधी चेहरा असण्याची परवानगी मिळावी लागते.

*

युद्ध संपलं आणि या वीरांचं काम संपलं. सैनिक घरी आले, त्यांना आता झेंड्याचे कपडे घातलेला माणूस बघायचा नव्हता. कॅप्टन अमेरिकाचं मासिक शेवटी शेवटी भुताखेतांच्या गोष्टी छापू लागलं आणि १९५० मध्ये बंद पडलं. १९५४ मध्ये त्याला कम्युनिस्टांना झोडपायला पुन्हा उभं केलं, तो तीन अंकांत झोपला. मग १९६४ मध्ये समुद्रातल्या बर्फातून वितळवून बाहेर काढला, तेव्हा तो साथीदार गमावलेला, काळाच्या मागे पडलेला, उदास माणूस होता. ते चित्र पुन्हा कर्बीचंच. तोपर्यंत कर्बीला युद्धातून परतलेला माणूस कसा दिसतो हे ठाऊक झालं होतं.

कोरियाच्या युद्धाच्या वेळी, १९५० नंतर, हार्वी कुर्ट्झमन नावाच्या संपादकाने युद्धाची वेगळीच कॉमिक्स काढली. वीर नाही, झेंडा नाही. १९५२ च्या एका गोष्टीत एक अमेरिकन शिपाई नदीकाठी जेवायला बसलाय. समोरून एक प्रेत वाहत जातं. तेवढ्यात एक शत्रू शिपाई, तोही उपाशी आणि एकटा, त्याच्यावर चालून येतो. झटापट होते आणि अमेरिकन शिपाई त्याला पाण्यात दाबून मारतो. हाताने, बराच वेळ लागतो. मग दुसरं प्रेत वाहू लागतं. सहा-सात पानं. सुपरमॅनच्या सगळ्या मुखपृष्ठांत मिळून जितकं युद्ध नाही तितकं त्या सहा-सात पानांत आहे.

जुना नियम पुढेही चालू राहिला. व्हिएतनामच्या काळात स्पायडरमॅन, म्हणजे पीटर पार्कर, कॉलेजात होता. तो गेला नाही. गेला कोण? फ्लॅश थॉम्पसन. शाळेत पीटरची टर उडवणारा, अंगात जोर पण कसलीच जादू नसलेला पोरगा. १९६६-६७ च्या अंकांत त्याला बोलावणं येतं, मित्र निरोपाची पार्टी देतात. १९७२ मध्ये तो परत येतो तो तिकडची ओझी मनावर घेऊन. तीस वर्षांनी पुन्हा तेच झालं. ताकदवाला गावात राहिला आणि शेजारचा पोरगा गेला.

भाच्याला काय सांगायचं ते आता माझं ठरलंय. सुपरमॅन गेला नाही कारण त्याला काही गमवायचं नव्हतं. गेले ते शूस्टरसारख्या चष्मिष्ट पोरांचे शेजारी, क्रिस्टमन, कर्बी, फ्लॅश थॉम्पसनसारखे हजारो. अंगात नसलेली ताकद त्यांनी कागदावर काढून ठेवली होती आणि निघताना ती घरीच ठेवून गेले. एवढं एकदम त्याला कळणार नाही, पण दहा वर्षांचा आहे, पुन्हा विचारीलच.

शेवटी एक मुखपृष्ठ सांगतो. लढाईवरून परतल्यावर सायमन आणि कर्बी यांनी १९५४ मध्ये स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था काढली आणि 'फॉक्सहोल' नावाचं युद्धाचं कॉमिक सुरू केलं. पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ कर्बीचं. किनाऱ्यावर एक जखमी सैनिक पडलाय, डोक्याला, चेहऱ्याला रक्ताळलेल्या पट्ट्या. तो आईला पत्र लिहितोय, आणि पत्रात लिहितोय की इथे अगदी सहलीसारखं आहे, आजचा दिवस आम्ही समुद्रकिनारी घालवला.

ज्या हाताने १९४० मध्ये हिटलरला ठोसा मारला, त्याच हाताने चौदा वर्षांनी हे काढलं. मला विचाराल तर पहिल्या चित्रापेक्षा याला जास्त हिंमत लागली असेल.

असो. फारच लांबलं. कुणाच्या माळ्यावर जुनी इंद्रजाल, नाहीतर रद्दीवाल्याकडून आणलेली ती छोट्या आकाराची इंग्रजी कमांडो पुस्तकं अजून शिल्लक असतील तर कळवा. आणि टाकून मात्र देऊ नका. मी येऊन घेऊन जाईन, चहाही घेईन.